पाणी ९८ वरच का थांबतं?



घरात अठाई असली की सगळ्यांचं लक्ष एका पातेल्यावर असतं. आठ दिवस पोटात जायचं ते फक्त उकाळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. या पर्युषणात सासूबाईंची अठाई होती. दह्याच्या दुधासाठी आणलेला सळईचा थर्मामीटर पाहून त्या म्हणाल्या, "आज पाण्यात घालून बघ बरं." पाणी खळखळत होतं, आकडा मात्र ९८ वरून हलेना.

"शंभर झालं नाही, म्हणजे पाणी कच्चंच राहिलं की गं!"

पच्चक्खाण घेतलेल्या माणसाच्या मनात अशी शंका शिरली की घोट उतरत नाही. यंत्र खराब म्हणून सोडून देणं मला पटेना.

१०० हा आकडा समुद्रकाठचा. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. साधारण ३०० मीटरला एक अंश. आपलं संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या वर, लासूर स्टेशनही त्याच पठारावर. इथे ९८ म्हणजे पूर्ण उकळी, गॅस कितीही मोठा केला तरी. महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. फक्त सळईचं टोक तळाला टेकू देऊ नका, पातेल्याचा तळ पाण्याहून तापलेला असतो. सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी तीन उकाळे नेहमीसारखे डोळ्यांनी मोजले आणि पाणी घेतलं.

पण उकळीला बरोबर असलेला थर्मामीटर कोमटालाही बरोबर असेलच असं नाही. आमचं दही दुपारपर्यंत लागत नव्हतं, म्हणून मला ते बघायचंच होतं. सगळे सांगतात, बर्फाच्या पाण्यात घाला, शून्य यायला हवं. आपल्याकडे बर्फ अभक्ष्य. खायचा नसला तरी एवढ्यासाठी तो करायला माझं मन धजत नाही.

मग तापाचा थर्मामीटर काढला. तो साधारण ४२ पर्यंतच चालतो, म्हणून पाणी कोमटच घ्यायचं. दोन्ही टोकं शेजारी धरली. तापाचा ३९, सळईचा ४३! म्हणजे मी ४२ समजून विरजण लावत होते ते दूध जेमतेम ३८ होतं.

सळई आणि मूठ जुळते तिथे ओल शिरली की असं होतं. आतल्या विजेच्या मापात घोळ होतो, कोमटाला जास्त, उकळीला जवळजवळ नाही. पाण्याखाली धुण्यापेक्षा ओल्या कापडाने पुसलेलं बरं. ऊन पडलं तसा गच्चीत ठेवला, दोन दिवसांनी फरक एका अंशावर आला. तो एक अंश वजा करायचा, असं डब्यावर लिहून ठेवलंय.

दही आपण शिळं होऊ देत नाही, रोज थोडंथोडंच लावतो. आता सकाळी लावलेलं जेवणाच्या वेळेला घट्ट असतं.