ऋषीचें कूळ, नदीचें मूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपलीं वडील माणसें सांगत आलीं. परंतु पस्तीस वर्षें मुलांस शब्दांच्या व्युत्पत्ति शिकविण्यांत गेल्यामुळें आम्हांस ही आज्ञा कधींच पाळतां आली नाहीं.

आमच्या भाचीचें सासर आयरिश समुद्रांतील मॅन बेटावर आहे. तेथील मूळ भाषा मॅन्क्स. तींत 'मॅक' म्हणजे पुत्र. आपल्या अपत्यप्रत्ययाचें काम तेथें हा आरंभीं लागणारा शब्द करितो. कालांतरानें 'मॅ' गळाला आणि उरलेला 'क' बापाच्या नांवास चिकटून राहिला. म्हणून पॉलचा पुत्र तो क्वेल, विल्यमचा क्विलियम, डिआर्मिडचा कर्मोड आणि थोरल्योट या नॉर्स नांवाच्या पुरुषाचा तो कॉर्लेट.

आमचे व्याही हे कॉर्लेट. १२६६ च्या तहानें तें बेट स्कॉटलंडकडे जाईपर्यंत तेथें नॉर्स सत्ता होती. तेव्हां आपण त्याच दर्यावर्दींचे वंशज, अशी त्यांची समजूत. वस्तुतः फडणीस-चिटणिसांच्या आडनांवांत फारसी शब्द आहे, म्हणून ते कांहीं इराणहून आले नाहींत! परंतु व्याह्यांस पुरावा हवा होता.

पुरुषांतील वाय गुणसूत्र बापाकडून केवळ मुलग्यास मिळतें व पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसेंच राहतें. मधूनमधून पडणारे सूक्ष्म फरक मोजून दोघांचा समाईक पूर्वज किती पिढ्यांमागें झाला, याचा अदमास बांधतां येतो. व्याह्यांनीं तपासणी करविली. उत्तर आलें कीं, तपासलेल्या इतर कॉर्लेटांशीं त्यांचें जुळत नाहीं. पुढें चर्चचीं दप्तरें चाळतां कळलें कीं, त्यांचे पणजोबा पोरके होते. कॉर्लेट घराण्यानें त्यांस वाढवून आपलें नांव दिलें होतें.

"मग मी कोण?" असें त्यांनीं खिन्नपणें भाचीस विचारिलें. तिनें तो प्रश्न आमच्याकडे धाडिला.

आम्हीं प्रथम शास्त्राचा दाखला दिला. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या तपासणींत त्यांच्याच आडनांवाच्या जवळजवळ निम्म्या पुरुषांचें गुणसूत्र एका छापाचें निघालें, बाकीच्यांचें नाहीं. तेव्हां आपण एकटे नव्हां. नंतर, आजवर कोणास न सांगितलेली गोष्ट लिहिली.

आमचे आजोबा दत्तक आलेले. आम्ही लहान असतां एका नातलगानें भर पंक्तींत आम्हांस 'उपरे' म्हटलें. तो शब्द अद्याप सलतो. आजोबांनीं त्यास उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे मात्र त्यांनीं आम्हांस शेजारीं बसवून पणजोबांच्या हातची वंशावळ नकलून काढावयास लाविलें. तींत पणजोबांच्या नांवाखालीं, त्याच शाईनें, त्याच अक्षरांत, आजोबांचें नांव होतें. बोट तेथें ठेवून ते म्हणाले, "हें त्यांनीं लिहिलें आहे. दुसऱ्या कोणास तें खोडतां येणार नाहीं."

महिन्याभरानें भाचीचें पत्र आलें. व्याह्यांनीं आपल्या वंशवृक्षांत पणजोबांचें जन्माचें आडनांवही लिहिलें आणि कॉर्लेट तसेंच ठेविलें. तें वाचून आम्हीं आमची जुनी नक्कल काढली व आजोबांच्या नांवाशेजारीं त्यांच्या जनक घराण्याचें नांव लिहिलें. पणजोबांनीं तेवढी जागा मोकळी सोडलेली होती.