डब्यातून निघालेले नाव

१/
आजच्या धाग्याचा प्रश्न साधा आहे : ज्याचे नाव यादीत असण्याची कुणालाच अपेक्षा नसते, त्याला लोकांनी निवडले, तर पुढे काय होते? उत्तर शोधत आपण अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीपासून १९२३ सालच्या मुंबईपर्यंत जाऊ. सुरुवात मात्र माझ्या गावापासून करतो, कारण या प्रश्नात मी केवळ अभ्यासक नाही, थोडा आरोपीही आहे.

२/
माझे गाव अंतरवाली सराटी. तालुका अंबड, जिल्हा जालना. २०२३ पासून हे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. हा धागा त्या आंदोलनाविषयी नाही, त्याच्या सात वर्षे आधीच्या एका उन्हाळ्याविषयी आहे. २०१६ चा तो उन्हाळा मराठवाडा विसरणार नाही. लातूर शहराला रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले होते. आमच्या गावाभोवतीची शेते उघडी पडली होती, आणि त्याच भेगाळलेल्या जमिनीवर आम्ही पोरांनी टेनिस चेंडूचे क्रिकेट सामने भरवले होते.

३/
शेवटच्या दिवशी पाहुण्या संघाविरुद्ध आमच्या ‘निवडक अकरा’चा सामना असे. कर्णधार चिठ्ठ्या टाकून निवडायचा, हा आमचा नियम. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हीच मतपेटी. त्या वर्षी आम्ही चौघांनी एक बेत रचला. आमच्यात ऊसतोड कुटुंबातला एक मुलगा होता. दिवाळीनंतर घरच्यांसोबत कारखान्याच्या फडावर जायचा, उन्हाळ्यात परतायचा. सरावाला तो कधी नसेच. फार तर धावफलक लिहायचा आणि पाण्याची घागर आणायचा. सर्वांनी त्याचेच नाव लिहायचे, असे ठरले. माझे अक्षर बरे, म्हणून निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या मीच लिहून दिल्या.

४/
डबा उघडला. नाव त्याचेच निघाले. हशा झाला. थोड्या वेळाने गावातील एक ज्येष्ठ गृहस्थ त्याच्याजवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाले, “पोरा, गंमत झाली. आता नाव मागं घे. पाहुण्यांपुढं गावाची शोभा नको.” त्याने मान खाली घातली नाही. म्हणाला, “चिठ्ठ्या कुणी लिव्हल्या ते मला माहीत हाय, आबा. पण डब्यातून नाव तर माझंच निघालं ना?”

५/
हा प्रसंग मी पुढे विसरलोही असतो. पण इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात आल्यावर, त्याच वर्षीच्या जानेवारीत घडलेली एक हकीकत माझ्या वाचनात आली. तिचे स्थळ अमेरिकेतील नॅशव्हिल शहर, आणि नायक जॉन स्कॉट नावाचा खेळाडू.

६/
उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिच्यातील उत्तमोत्तम खेळाडूंचा एक प्रदर्शनी सामना होत असे, ‘ऑल-स्टार’ नावाने. त्या काळी त्याचे कर्णधार प्रेक्षक इंटरनेटवर मते देऊन निवडत. स्कॉट हा ६ फूट ८ इंच उंचीचा धिप्पाड गडी. संघातील त्याचे काम गोल करण्याचे नव्हतेच. सहकाऱ्यांना कुणी धसमुसळेपणाने पाडले, तर अंगावर धावून जाऊन हिशेब चुकता करणे, हे त्याचे काम. २८० हून अधिक सामन्यांत त्याचे गोल होते अवघे ५.

७/
अशा खेळाडूला ऑल-स्टार सामन्यात पाठवले तर काय बहार येईल, ही कल्पना एका पॉडकास्टवरील थट्टेतून निघाली आणि वणव्यासारखी पसरली. अशी खोडी नवी नव्हती. २००७ साली रॉरी फिट्झपॅट्रिक या साध्याशा बचावपटूसाठी चाहत्यांनी मोहीम चालवली होती, ती थोडक्यात हुकली. २०१५ साली झेमगस गिर्गेन्सन्स या तरुण खेळाडूला सर्वाधिक, १५ लाखांवर मते पडली. कारण त्याचा मायदेश लॅटव्हिया, जेमतेम २० लाख वस्तीचा देश, त्याच्यामागे एकवटला होता. तिथे प्रेम होते. स्कॉटच्या वाट्याला आली ती निखळ टिंगल.

८/
आपल्याला मत देऊ नका, माझ्या सहकाऱ्यांना द्या, असे स्कॉटने स्वतःच सांगून पाहिले. तरीही तो आपल्या विभागाचा कर्णधार म्हणून निवडून आला. मग त्याच्या संघाने आणि लीगने त्याला सुचवले की, त्याने आपण होऊन बाजूला व्हावे. त्याने नकार दिला. जानेवारीच्या मध्यात त्याला ॲरिझोनाच्या संघातून मॉन्ट्रियलच्या संघाकडे धाडण्यात आले, आणि त्या संघाने त्याला लगोलग दुय्यम लीगमध्ये, कॅनडाच्या पूर्व टोकावरील न्यूफाउंडलंड बेटावर रवाना केले. त्याची पत्नी त्या वेळी जुळ्या बाळांच्या प्रतीक्षेत होती.

९/
सामन्याच्या काही दिवस आधी स्कॉटने एक लेख लिहिला. त्यातील एक प्रसंग मी पुनःपुन्हा वाचला आहे. लीगच्या एका अधिकाऱ्याने त्याला विचारले होते की, तुझ्या मुलांना याचा अभिमान वाटेल असे तुला वाटते का? स्कॉट लिहितो की, त्याच क्षणी त्याचा निश्चय झाला. यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, वर्षानुवर्षे घाम गाळून या लीगपर्यंत पोहोचलेला माणूस तो. आपल्या मुलींना काय वाटेल हे आपल्याला दुसऱ्याने सांगावे, हे त्याला मान्य नव्हते.

१०/
लोकक्षोभ एवढा झाला की लीगला माघार घ्यावी लागली. ३१ जानेवारी २०१६ रोजी स्कॉट नॅशव्हिलच्या बर्फावर कर्णधार म्हणून उतरला. पहिल्या सामन्यात त्याने २ गोल केले. त्याचा संघ अंतिम सामनाही जिंकला. सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी जी नावे पुढे ठेवली गेली, त्यांत त्याचे नाव नव्हते. प्रेक्षकांनी यादी बाजूला सारून त्याचे नाव स्वतः लिहून पाठवले, आणि पुरस्कार त्यालाच द्यावा लागला. सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले. ज्यांनी थट्टा म्हणून मत दिले होते, तेच आता मनापासून टाळ्या वाजवत होते.

११/
आता मुंबईकडे वळू. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्कॉट ‘अनपेक्षित’ होता तो खेळातील कौशल्यामुळे. पुढच्या हकीकतीतील माणसे कौशल्यात अव्वल होती. त्यांना अनपेक्षित ठरवले ते त्यांच्या जन्माने. हे दोन अन्याय एका मापाचे नाहीत. यादी बनवणाऱ्यांची वागण्याची रीत मात्र ओळखीची वाटेल.

१२/
पालवणकर बाळू, चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर मैदानाची निगा राखता राखता ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू झेलत. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात येई. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा बाळूंनी ११४ बळी मिळवले. त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल हेही पहिल्या प्रतीचे खेळाडू. विठ्ठल तर हिंदू संघाचे आघाडीचे फलंदाज झाले.

१३/
१९१२ पासून मुंबईत युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा चार संघांची चौरंगी स्पर्धा सुरू झाली. बाळू संघाचा कणा होते, पण कर्णधारपदाचा विषय निघाला की निवडकर्त्यांची नजर त्यांच्यावरून पुढे सरके. १९२० साली कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. समितीने नेतृत्व दि. ब. देवधरांकडे दिले आणि बाळूंना तर संघातूनच वगळले. देवधर स्वतः मोठे फलंदाज होते, यात वाद नाही. प्रश्न होता तो हा की, ज्येष्ठतेचा निकष ऐन वेळी नेमका कुठे गेला?

१४/
त्या वर्षी विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि तिचे कारण जाहीरपणे सांगितले : हा त्यांच्या जातीमुळे झालेला अपमान होता. प्रकरण वृत्तपत्रांत गाजले. समितीला नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यासाठी बाळू उपकर्णधार म्हणून परतले, दोघे भाऊही परतले. पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. त्याच डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाची हाक दिली गेली. मैदानावरचा वाद आणि मैदानाबाहेरचे राजकारण एकमेकांत मिसळत होते.

१५/
१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. इथे मतपेटी नव्हती, इंटरनेट नव्हते. होते ते लोकमत, आणि त्याला जागे करणारा तीन वर्षांपूर्वीचा एक नकार. विठ्ठलांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, ते १९४८ साली प्रसिद्ध झाले.

१६/
या दोन हकीकती मी शेजारी ठेवतो, तेव्हा मला जाणवते ते हे : लोकांनी निवडले म्हणून सन्मान मिळाला, असे आपण सहज म्हणतो. पण निर्णायक क्षण मतदानाचा नव्हता. ‘तू आपण होऊन बाजूला हो’ हे सभ्य शब्दांतले सुचवणे ज्याने फेटाळले, त्याने ती निवड खरी केली. स्कॉट मैदानात उतरून ठाम राहिला, पालवणकर बंधू मैदानाबाहेर राहून. गर्दीचे मन वाऱ्यावरचे असते. टिंगलीची टाळी होते तशी टाळीची टिंगलही होते. टिकतो तो नकार.

१७/
आणि आमचा सामना? आम्ही हरलो. चित्रपटात घडते तसे काही घडले नाही. तो इस्त्री केलेला पांढरा सदरा घालून आला होता. क्षेत्ररक्षण लावताना त्याने प्रत्येकाला विचारले, “तुला कुठं उभं राहायला आवडतं?” इतक्या वर्षांत आम्हाला हे कुठल्याच कर्णधाराने विचारले नव्हते. शेवटचे षटक त्याने माझ्याकडे दिले. ९ धावा राखायच्या होत्या, मला राखता आल्या नाहीत. तो काही बोलला नाही. चेंडू शोधायला बाभळींकडे गेला.

१८/
हा धागा लिहिण्यापूर्वी मी त्याला फोन केला. परवानगी हवी होती, आणि जे नऊ-दहा वर्षे राहून गेले होते तेही सांगायचे होते. तो फडावर होता. मागे कोयत्यांचा आवाज येत होता. माझे ऐकून घेतल्यावर म्हणाला, “तुम्ही गंमत करताय हे मला तवाच कळलं होतं रे. पण माय बघायला आली होती. बांधावर उभी होती दिवसभर. मग कसं नाव मागं घेणार?”

१९/
ती माऊली तिथे होती, हे मला ठाऊकच नव्हते. मैदानात उभा असूनही मी तिला पाहिले नव्हते. इतिहासाच्या वर्गात आम्हाला शिकवतात की, कोण निवडले गेले याआधी, यादी कुणी लिहिली ते विचारा. आमच्या डब्यातल्या निम्म्या चिठ्ठ्यांवर माझे अक्षर होते. त्याने लिखाणाला परवानगी दिली आहे, फक्त नाव देऊ नको म्हणाला. म्हणून या धाग्यात त्याचे नाव नाही.

धागा इथे संपला. तुमच्या गावात, शाळेत असे गमतीने काढलेले एखादे नाव असेल, तर त्याची पुढची हकीकत जरूर लिहा.