एकसरचे वीरगळ

बोरिवलीच्या पश्चिमेस, उंच इमारतींच्या दाटीत, एकसर नावाचे एक जुने गाव दडलेले आहे. एके काळी हे साष्टी बेटातील साधे खेडे होते. १९५७ साली बोरिवलीबरोबर ते बृहन्मुंबईत सामील झाले आणि २०२२ पासून मेट्रोच्या एका स्थानकावर त्याचे नाव झळकत आहे. ते नाव रोज हजारो लोक वाचतात. पण तेथील वीरगळ पाहण्यासाठी उतरणारा विरळाच!

वीरगळ म्हणजे रणात पडलेल्या वीराचे स्मारक. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरात एकसरच्या अशा सहा शिळांचे वर्णन आहे. त्यांतील मोठ्या शिळा सुमारे दहा फूट उंचीच्या. त्या खालून वर वाचावयाच्या असतात. खाली युद्ध, वर अप्सरा व शिवपूजा, आणि माथ्यावर कलश. काहींवर भूमीवरील संग्राम आहे, तर काहींवर उंच नाळेची, डोलकाठीची, वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते कोरली आहेत. आरमारी युद्धाचे असे शिल्प आपल्याकडे फार दुर्मिळ.

हे युद्ध कोणाचे? काही संशोधक ते अकराव्या शतकातील मानतात. परंतु महामहोपाध्याय मिराशींसारख्या विद्वानांच्या मते हा सुमारे १२६५ सालचा प्रसंग होय. उत्तर कोकणचा अखेरचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांचा हा सामना. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील राजप्रशस्तीवरून समजते.

ही प्रशस्ती मी विद्यार्थ्यांना मोठ्या हौसेने समजावून देत असे. शाळेपासून एकसर घटकाभराच्या वाटेवर. तथापि तीस वर्षांत एकदाही मी मुलांना तेथे नेले नाही. निवृत्तीनंतर नातवाला घेऊन गेलो, तेव्हा गावातील एक वृद्धा शिळांना फुले वाहत होती.

नातवाने विचारले, “आजोबा, यांची नावे काय?”

मी निरुत्तर झालो. जिंकणाऱ्या राजाची वंशावळ मला मुखोद्गत होती. बुडालेल्या गलबतांवरील एकाही मनुष्याचे नाव मला सांगता येईना. तेव्हा ती वृद्धाच म्हणाली, “नाव कशाला हवं, बाळा? गावाचे राखणदार हे. आम्ही पुजतो.”

विजेत्याच्या पदरी पंडित होता. त्याने ग्रंथ लिहिला. या वीरांना कोणा पाथरवटाने दगडात ठेवले आणि पुढे गावाने देव मानून सांभाळले. मी शिकविलेल्या इतिहासात एवढा एक धडा राहून गेला होता.

वाचकहो, सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन एकसरला अवश्य जा. स्थानकाबाहेर वाट विचारून घ्यावी. आणि शिळांजवळ जाताना पादत्राणे मात्र काढून ठेवावीत, कारण गावाचे ते देव आहेत.