लेकीचा मासा

तोक्योच्या निशिकासाई भागात राहायला गेलो तेव्हा लेक नुकती चालायला लागली होती. एप्रिल सरत आला आणि समोरच्या गॅलरीत कापडी मासे फडफडू लागले. वर मोठा काळा, त्याखाली लाल, मग छोटा निळा. काळा बाबांचा, लाल आईचा, निळा मुलाचा, असं शेजारच्या आजींनी सांगितलं. प्रवाहाच्या उलट पोहत धबधबा चढून गेलेला मासा ड्रॅगन होतो, ही जुनी चिनी कथा. मूल तसंच धीट व्हावं म्हणून हे मासे.

"आणि मुलीचा?" मी विचारलं.

हे मासे 5 मेच्या सणाचे, आणि तो पूर्वी मुलग्यांचाच सण. घरात योद्ध्याचं शिरस्त्राण मांडायचं. मुलींसाठी 3 मार्चला बाहुल्या. 1948च्या कायद्याने 5 मे सगळ्याच मुलांचा झाला, सुट्टीही मिळाली. मुलांच्या व्यक्तिमत्त्वाचा मान राखावा आणि आईचे आभार मानावेत, असं त्या कायद्यातच लिहिलंय. आईची आठवण ठेवणारा हा कायदा मला फार आवडला. 3 मार्चला मात्र आजही सुट्टी नाही, हे खटकतं. हल्ली लेकींसाठीही मासा लावतात, असं आजी म्हणाल्या. मी लगेच गुलाबी मासा आणला.

सणाच्या दिवशी त्यांनी काशिवामोची दिली: तांदळाच्या पिठाच्या पारीत गोड अझुकीचं सारण, बाहेरून ओकचं पान. आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्यांसारखंच हे पान खायचं नाही. नवी पालवी फुटेपर्यंत जुनं पान झाडावरून गळत नाही, म्हणून ते वंशसातत्याचं चिन्ह.

संध्याकाळी अंघोळीच्या गरम पाण्यात घालायला लांब हिरव्या पात्यांची जुडी दिली. पातं चुरगळून हुंगलं आणि मी थबकले. वेखंड! लेकीच्या गुटीत आईने उगाळलेलं, न्हाऊ घातल्यावर अंगाला लावलेलं. ऋतू बदलताना मुलाला बाधा होऊ नये, ही काळजी दोन्हीकडे एकच, आणि त्यासाठी वनस्पतीही तीच. त्या रात्री लेक त्या पाण्यात मनसोक्त डुंबली.

पुढे जानेवारीत आम्ही आपल्या पद्धतीने तिचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, आईने पाठवलेले हलव्याचे दागिने. बोरं मिळाली नाहीत, पण चुरमुरे भारतीय दुकानात होते. त्यांत छोटी संत्री आणि चॉकलेटं मिसळली. आजींचा नातू सगळ्यांत पुढे होता वेचायला.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं हे. तुमच्या घरी पाच वर्षांच्या आतली लेक असेल तर तिचं बोरन्हाण नक्की करा, आणि शेजारची मुलं बोलवा, मग ती कुठल्याही देशाची असोत.