द्रोणांच्या गावातली पोळी

'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी' ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याला टोमणा मारायलाच वापरतो. मिंधा माणूस दिसला की ती चटकन तोंडात येते. गुरुग्रामात राहायला आल्यापासून मात्र मला ती इतकी हलकी वाटत नाही.

हे गाव शिष्यांनी द्रोणांना गुरुदक्षिणेत दिलं, अशी इथली समजूत. २०१६ साली गुडगावचं गुरुग्राम झालं ते त्याच आधारावर. मेट्रोचं एक स्थानक गुरु द्रोणाचार्यांच्या नावाचं आहे आणि शीतलामातेच्या देवळात त्यांची पत्नी कृपीच पुजली जाते, असं लोक मानतात.

द्रोणांनी पोळीची किंमत फार लवकर ओळखली होती. दूध मागणाऱ्या अश्वत्थाम्याला पाण्यात कालवलेलं पीठ मिळालं आणि ते दूध समजून तो नाचला. बालमित्र द्रुपदाने, मैत्री बरोबरीच्यांत असते म्हणून वाटेला लावलं. मग हस्तिनापूरने आसरा दिला. अशा घरचं अन्न माणूस विसरत नाही, आणि विसरूही नये.

युद्धाच्या दिवशी युधिष्ठिर कवच उतरवून पायी कौरवसेनेत शिरला. भीष्म, द्रोण, कृप, शल्य या चौघांनीही त्याला तेच सांगितलं: कौरवांच्या धनाने आम्ही बांधलेलो आहोत, तुझ्या बाजूने लढणं सोडून काहीही माग. द्रोणांनी तर विजयाचा आशीर्वाद दिला, आपला वध कसा होईल तेही सांगितलं. पुढे सेनापती म्हणून पाच दिवस ते कौरवांसाठी जीव तोडून लढले. हात दुर्योधनाचे, मन पांडवांचं. इथवर मला द्रोणांचा आदरच वाटतो. खाल्ल्या अन्नाचं जे देणं होतं ते त्यांनी फेडलं.

पण त्याआधीची द्यूतसभा विसरता येत नाही. द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारत होती आणि आचार्य गप्प होते. शस्त्र उचलायचं नव्हतं, फक्त बोलायचं होतं. विदुर बोलला; तोही त्याच घरचं खात होता. धृतराष्ट्राचा मुलगा विकर्णही बोलला. म्हणजे पोळीच्या बदल्यात मौन कुणी मागितलं नव्हतं, द्रोणांनी ते आपणहून देऊन टाकलं.

आमच्या सोसायटीत मागे एका घरचा दागिना सापडेना. संध्याकाळी परतणाऱ्या कामवालीला फाटकावर अडवलं गेलं. घरमालकीण सगळ्यांसमोर तिला पिशवी पुन्हा रिकामी कर म्हणाली. गार्डचा पगार आमच्याच मेंटेनन्समधून जातो. तो पुढे झाला आणि म्हणाला, "मॅडम, थैला मैंने देख लिया है. कुछ नहीं है. अब इसे जाने दीजिए." आवाज चढलेला नव्हता, नजर खाली नव्हती. एका तक्रारीवर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी कंत्राटदाराने दुसरा माणूस उभा केला असता, हे त्याला ठाऊक होतं. हस्तिनापुरात द्रोणांना कुणी कामावरून काढणार नव्हतं.