पाहुण्याला काय दाखवावे?

मांजरसुंबा हे नाव असंख्य प्रवाशांना ठाऊक आहे. परंतु मांजरसुंबा पाहिलेला प्रवासी विरळा. धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग आणि अहिल्यानगरहून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता हे दोन्ही येथे एकमेकांना छेदतात. त्यामुळे रात्री-अपरात्री बस थांबते, वाहक ‘दहा मिनिटे’ असे पुकारतो, पेंगुळलेले प्रवासी उतरतात, चहा घेतात आणि पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसतात. त्यांच्या स्मरणात एक चौक, दिव्यांचा लखलखाट आणि कपबश्यांचा आवाज एवढेच उरते. ज्या गावावरून सर्वांना जायचे असते, पण ज्या गावाला कोणालाच यायचे नसते, अशा गावात आयुष्य काढणाऱ्या माणसाला एक खोड जडते. ‘आमच्याकडे पाहण्यासारखे काही नाही हो,’ असे तो पाहुण्याच्या आधी स्वतःच म्हणून मोकळा होतो.

माझा एक जुना विद्यार्थी आफ्रिका खंडात, केनिया देशाच्या राजधानीत, नैरोबीस नोकरी करतो. गेल्या दिवाळीनंतर तो घरी येणार होता आणि त्याच्याबरोबर त्याच्या कचेरीतील एक केनियाचा रहिवासीही येणार होता. त्याने मला लिहिले, “सर, नैरोबीला पाहुणा आला, की आम्ही त्याला एका दिवसात कितीतरी दाखवतो. पहाटे अभयारण्यात नेतो. तेथे गवतात सिंह बसलेला असतो आणि त्याच्या मागे शहराच्या उंच इमारती दिसतात. मग जिराफांना आपल्या हाताने खाऊ घालण्याचे ठिकाण आहे. दुपारी तासाभराच्या वाटेवर जाऊन पृथ्वीला पडलेली ती प्रचंड भेग, ती खचदरी, वरून पाहतो. आता हा माझा मित्र आपल्याकडे येतो आहे. मी त्याला काय दाखवू?”

प्रश्न साधा होता. पण त्याने माझी झोप उडवली. नैरोबीचे अभयारण्य १९४६ साली स्थापन झाले; ते शहराला अगदी लागून आहे. सिंहाशी आपण स्पर्धा कशी करावी? मी नकाशा काढला, दोन पुस्तके चाळली, आणि एका ओळीवर थांबलो. ‘नैरोबी’ हे नाव मसाई लोकांच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘थंड पाणी’ असा आहे. १८९९ साली मोंबासाहून येणाऱ्या लोहमार्गाचा तळ तेथे पडला आणि त्या तळाचे पुढे नगर झाले. तो लोहमार्ग बांधण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले होते, हेही त्याच पुस्तकात होते. मी मनाशी ठरवले, की थंड पाण्याच्या गावाहून येणाऱ्या पाहुण्याला आपण आपले पाणीच दाखवावे. बीड जिल्ह्याने पाणी दाखवायचे, हे ऐकून कोणी हसेल. परंतु ज्याच्याकडे एखादी वस्तू मुबलक असते, तो ती जपत नाही. तिची खरी कदर दुर्मिळतेच्या मुलखातच पाहावी.

कार्तिकातल्या एका सकाळी आम्ही तिघे निघालो. पाहुणा उंचापुरा आणि मितभाषी होता. माझ्या विद्यार्थ्याने ओळख करून देताना ‘माजी मुख्याध्यापक’ असे शब्द उच्चारले आणि पाहुणा चमकून हसला. त्यांच्या स्वाहिली भाषेत पाण्याला ‘माजी’ म्हणतात! मी त्याला सांगितले, की आमच्या पुष्कळ विहिरींचे पाणीही मार्चनंतर ‘माजी’च होते. विनोदाचा अर्थ विद्यार्थ्याला इंग्रजीत समजावून द्यावा लागला, तरीही तो टिकला. असे भाग्य फार थोड्या विनोदांना लाभते.

गावाबाहेर पडल्यावर बीडच्या दिशेने घाट उतरू लागतो. त्याच्या माथ्यावर आम्ही थांबलो. येथे बालाघाटाचे पठार संपते आणि खाली उत्तरेकडे बीडचा सखल प्रदेश पसरलेला दिसतो. ज्वारीची कोवळी शेते, मधूनमधून कापसाचे पांढरे ठिपके आणि दूर बिंदुसरा तलावाची चकाकती रेघ. पाहुणा बराच वेळ काठावर उभा होता. त्यांच्या खचदरीपुढे आमचा घाट म्हणजे पायरीच. परंतु त्या पायरीची एक गोष्ट मी त्याला सांगितली. या डोंगराच्या उत्तर अंगाला पडलेले पाणी बिंदुसरा नदीत जाते, बिंदुसरा सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. दक्षिण अंगाचे पाणी मात्र मांजरा नदीत उतरते. मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते; बीड, धाराशिव, लातूर असे जिल्हे पाहत ती कर्नाटकात जाते, तेथून तेलंगणात शिरते आणि सुमारे ७२४ किलोमीटरांचा वळसा घालून शेवटी गोदावरीलाच मिळते. एका छपरावर पडलेले दोन थेंब, एक पुढच्या पन्हाळीतून गेला, एक मागच्या. आणि दोघांची भेट झाली ती परप्रांताच्या सीमेवर!

मांजरेच्या पाण्यावर तेलंगणात निजामसागर हे धरण १९३१ साली पूर्ण झाले. हैदराबाद शहरही तिचे पाणी पीत आले आहे. इकडे तिच्याच धरणावर विसंबलेल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पाहुण्याला ही आगगाडीची हकिगत खरी वाटेना. त्याने विद्यार्थ्याकडून ती पुन्हा वदवून घेतली.

घाटापासून जवळच कपिलधार आहे. कड्यावरून पाण्याची धार खाली कुंडात कोसळते आणि तिच्या शेजारी मन्मथ स्वामींची समाधी आहे. वीरशैव संप्रदायातील या संतकवीने ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत रचला. कार्तिकात येथे मोठी यात्रा भरते आणि मराठीबरोबर कानडी व तेलुगू बोलही कानी पडतात. आम्ही गेलो तेव्हा पालांचे दोर ताणले जात होते. धार पावसाळ्यासारखी गर्जत नव्हती. पण अखंड होती. पाहुण्याने पादत्राणे काढून ओंजळभर पाणी तोंडावर घेतले आणि म्हणाला, “थंड आहे.” मला एकदम त्याच्या शहराच्या नावाची आठवण झाली.

घाट उतरून आम्ही पाली गावावरून खजिना विहिरीकडे वळलो. ही विहीर दाखवण्यासाठी मी खरोखर अधीर झालो होतो. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८२-८३ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. तिची आखणी राजा भास्कर नावाच्या कारागिराची. वरून पाहावे तर फारशी खोल नसलेली एक वाटोळी विहीर. पण आत वाकून पाहिले की भिंतीच्या पोटात सभोवार फिरणारी ओवरी दिसते, आणि जमिनीखालून आलेल्या बोगद्यांची तोंडे दिसतात. दोन बोगदे पाणी आणतात, तिसरा ते घेऊन जातो आणि पुढे शेतांना देतो. मोट नाही, पंप नाही. केवळ जमिनीचा उतार हेरून चारशेहून अधिक वर्षांपूर्वी केलेली ही किमया. हिच्यापायी खजिना रिता झाला म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. तसे असेल, तर खजिन्याचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी तुमच्याच वयाचा होतो. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडीत असत. आम्ही मुले सुकडीच्या रांगेत उभे राहत असू आणि घरी लाल मिलोच्या भाकरी होत. विहिरीचा तळ किती काळा असतो, हे मी त्या वर्षी पाहिले. त्या दिवसांत वडीलधारी माणसे या खजिना विहिरीचे नाव, देवाचे घ्यावे तसे घेत. ती आटली नाही, असे सांगताना त्यांचा आवाज खाली येई.

पाहुण्याने विचारले, “ही विद्या येथे कोठून आली?” जमिनीखालून पाट नेण्याची ही कला इराणात फार जुनी आहे, आणि दख्खनच्या दरबारांत इराणी माणसांची ये-जा असे, एवढे मी सांगितले. मग एक नाव आठवले, आणि ते त्याला सांगितल्यावाचून राहवेना. तुझ्या देशाच्या शेजारी इथिओपिया आहे ना? तेथला एक मुलगा लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. अनेक मालकांचे हात बदलत तो अहमदनगरला पोहोचला, आणि स्वतःच्या कर्तबगारीने निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला. मलिक अंबर त्याचे नाव. मोगलांशी तो आयुष्यभर झुंजला. त्याने खडकी हे शहर १६१० साली वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. त्या शहराला त्याने डोंगरातून भूमिगत नहर बांधून पाणी आणले. तुमच्या खंडातल्या माणसाने आमच्या माणसांची तहान भागवली.

पाहुणा विहिरीच्या काठावर बसला. थोड्या वेळाने त्याने विचारले, “तो आपल्या घरी परत गेला का?”

“नाही,” मी म्हणालो. “१६२६ साली तो येथेच वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे.”

यावर तो काही बोलला नाही. त्याने विहिरीचे एकही छायाचित्र घेतले नाही, हे मात्र माझ्या लक्षात आले.

बीड शहरात आम्ही कंकालेश्वराचे मंदिर पाहिले. चहूकडे पाणी आणि मधोमध काळ्या पाषाणाचे ते शिल्पसमृद्ध देऊळ. देवळासाठी तळे केले की तळ्यासाठी देऊळ, हे ठरवणे कठीण. बिंदुसरा नदी याच शहरातून वाहते. जुलै १९८९ मध्ये तिला आलेल्या महापुरात कित्येक माणसे वाहून गेली. तहानलेल्या मुलखाला पाणी असेही कधीकधी भेटते. जेवण करून, चार वाजण्याच्या सुमारास, आम्ही परत घाट चढलो आणि पाटोद्याच्या रस्त्याला लागलो.

या बाजूला नायगावचे मयूर अभयारण्य आहे. ते १९९४ साली घोषित झाले. क्षेत्र तीस चौरस किलोमीटरांच्या आतबाहेर. झाडी खुरटी, जमीन खडकाळ, ओढे उथळ. परंतु ऊन कलू लागले आणि एका टेकाडामागून केकारव उठला. त्याला दुसऱ्या टेकाडाने उत्तर दिले. मग लांडोरी दिसल्या, त्यांच्यामागे मोर. कार्तिकात मोराचा पिसारा झडलेला असतो, त्यामुळे नाच काही दिसला नाही. सिंह दाखविणाऱ्या शहरातून आलेला तो माणूस बिनपिसाऱ्याच्या मोराकडे इतक्या कौतुकाने पाहत होता, की मला माझ्या झोप उडण्याचे हसू आले.

परतताना दिवस मावळत आला होता. रस्त्याच्या कडेला एक ट्रॅक्टर उभा होता आणि त्याला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांत संसार रचलेले होते. पत्रे, बांबू, गोधड्या, जात्याची पेढी, दोन शेळ्या, आणि या सर्वांवर बसलेली माणसे. ऊसतोड कामगारांची ती टोळी होती. दिवाळी सरली, की आमच्या जिल्ह्यातून अशी हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता थांबत नाही. त्यांची मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली आहेत; काही मुले आजी-आजोबांजवळ राहतात; तरीही पुष्कळ जण आईबापांबरोबर कोपीवर जातातच. मी शिकवीत असताना दिवाळीनंतर हजेरी घेऊ लागलो, की कित्येक नावांनंतर वर्गात शांतता पसरे. ती शांतता ऐकण्याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

हातपंपावर एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा कळशी भरत होता. खांद्याला दप्तर होते. ते त्याने ट्रॉलीत ठेवले नव्हते. मी विचारले, “कितवीत रे?”

“सातवीत, सर.”

मी शिक्षक होतो हे त्याने कसे ओळखले, कोण जाणे. त्याचे सारे लक्ष पाहुण्याकडे होते. हे पाहुणे आफ्रिकेतून आले आहेत, असे मी सांगताच त्याने कळशी खाली ठेवली आणि विचारले, “त्यांच्याकडं ऊस असतो का?”

माझ्या विद्यार्थ्याने प्रश्न भाषांतर करून सांगितला. केनियाच्या पश्चिम भागात ऊस पिकतो. पाहुण्याचे गावच तिकडचे निघाले. तो म्हणाला, “हो, खूप असतो. माझ्या चुलत्यांच्या शेतातही आहे.”

“मग तोडायला कोण जातं?”

“गावातलीच माणसं.”

मुलगा क्षणभर विचारात पडला. ट्रॉलीवरून त्याच्या आईने हाक मारली. त्याने कळशी उचलून घेतली, दोन पावले टाकली आणि मागे वळून पुन्हा विचारले, “म्हणजे संध्याकाळी घरी येतात?”

पाहुण्याने मान हलविली. ट्रॅक्टर सुरू झाला. मुलगा कळशी सांभाळत ट्रॉलीवर चढला आणि एकाही थेंबाला न सांडता ती त्याने आईच्या हाती दिली.