मांडव खळ्यातच घातला

कणकवलीला उतरून मालवणची एसटी धरली, कसालचा फाटा मागे पडला की कट्टा येते, मग चौके, मग कुंभारमाठ. दोन्ही बाजूंना चिऱ्यांची घरे, काजूची झाडे आणि पुढे समुद्राचा खारा वारा. गेल्या दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत या रस्त्याने माझ्या चार खेपा झाल्या. किल्ला पाहायला नव्हे. थोरल्या बहिणीच्या मुलीचे लग्न ठरले होते. आपल्या लग्नात मामाने मुलीच्या पाठीशी उभे राहावे असा काही विधी नाही. म्हणूनच असेल, मामाच्या हातात हिशेबाची वही देण्यात आली.

पहिला प्रश्न तारखेचा. बौद्ध घरात पंचांग काढायचे नाही, हे आमच्या वाडीतील लहान मुलालाही ठाऊक आहे. पण कोकणात आपला मुहूर्त रेल्वे काढते! निम्मी वाडी मुंबईत नोकरीला. मुलांच्या परीक्षा आणि मे महिन्याची रजा बघूनच चाकरमानी येणार. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधीच मिळते. म्हणजे मेच्या लग्नाची तिकिटे मार्चमध्ये. आम्ही मेचा दुसरा रविवार धरला आणि मार्चमध्ये कोणी कोकणकन्येची, कोणी तुतारीची तिकिटे काढायची ते वाटून घेतले. त्यापुढचा रविवार भावोजींना नको होता. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरची छपरे उडवली, ती आठवण त्यांच्या मनातून गेलेली नाही. शिवाय महिना संपत आला की वळवाचा पाऊस कधी येईल याचा नेम नसतो आणि विहिरींनीही तळ गाठलेला असतो.

तारीख सोपी होती. कठीण होती ती जागा.

भावोजींच्या मनात मालवणात कार्यालय घ्यायचे होते. त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढायची तयारीही केली होती. त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. आमच्या मागच्या पिढीला दुसऱ्याच्या मांडवाबाहेर पंगत उठण्याची वाट पाहावी लागली. तेव्हा आपल्या मुलीचे लग्न चार लोकांनी बघावे असे बापाला वाटले, तर त्यात उधळेपणाच शोधू नये. पण धाकट्या मुलाच्या आयटीआयच्या प्रवेशाचे पैसे जूनमध्येच लागणार होते, आणि वहीत दोन्ही रकाने एकत्र बसत नव्हते.

जानेवारीच्या खेपेत मी आणि भाची कार्यालयाची चौकशी करायला मालवणात गेलो. काम उरकून जेटीवर उभे राहिलो. समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग. १६६४ साली बांधकाम सुरू झाले, तो तट अजून लाटा अंगावर घेतो आहे. जेटीवर एक नवरानवरी लग्नाआधीचे फोटो काढत होती. छत्री धरणारा वेगळा, दिवा धरणारा वेगळा. तारकर्लीला आणि चिवल्याच्या किनाऱ्यावरही हेच चालते. मी भाचीकडे पाहिले. ती म्हणाली, "मामा, किल्लो बघूक खर्च नाय. फोटो माझी मैत्रीण काढतली." पोर मोठी झाली होती.

त्या रात्री पडवीत बसून मी भावोजींना आपल्या विधीचा खर्च मांडून दाखवला. महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ च्या पत्रात बाबासाहेबांनी बौद्ध विवाहाची रीत लिहिली आहे. होम नाही, सप्तपदी नाही. पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके, त्यात सोडलेला सुती धागा, त्याची दोन टोके वधूवरांच्या हाती, दोघांच्या अंगावर पांढरी वस्त्रे आणि मंगलसुत्ताचे पठण. मडके आठवडा बाजारात मिळते. उरलेला सगळा खर्च आपण आपल्या हौसेने वाढवलेला.

आणि रमाईचे लग्न? दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहणाऱ्या बापाची ती लेक. तिचे लग्न लागले भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर. सकाळी कोळणी यायच्या आत जागा मोकळी करावी लागली. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बजावले, की लग्न ही जबाबदारी आहे, पैशाने ती पेलण्याची ताकद येईपर्यंत मुलांवर लादू नका. भावोजी ऐकत होते, पण बोलत नव्हते. बोलली ती शेजारची म्हातारी काकी. "लगीन येका दिसाचा, कर्ज पाच वर्सांचा. ह्या खंयचा शाणपण?"

फेब्रुवारीत दोन्हीकडची बैठक झाली. नवऱ्या मुलाच्या आईनेच आधी सांगितले की मांडव मुलीच्या खळ्यात चालेल, जेवणाचा खर्च अर्धा अर्धा करू. त्या माउलीचे नाव पत्रिकेत वडिलांच्या नावाआधी छापावे असे मी सुचवले, ते मान्य झाले. मुलीच्या आईचेही तसेच. आपल्या पत्रिकेवर बुद्ध, बाबासाहेब, रमाई असतात आणि घरातील बाई 'सौ.' एवढ्यावर भागते, हे मला फार दिवस खटकत होते.

मग कामाला जोर आला. खळे सारवले, पोफळीचे खांब पुरले, वर नारळाच्या झावळ्या. मंडळाची मोठी भांडी गावशाखेकडे आधीच सांगून ठेवली. वड्यांचे पीठ दळून आणायचे काम बायकांनी वाटून घेतले. जेवण ठरले ते असे : काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, भात, वरण आणि घरच्या कोकमांची सोलकढी. नवऱ्याकडच्या मंडळींसाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतली. तीन सुमो भाड्याने करण्यापेक्षा ती स्वस्त पडली, आणि म्हातारी माणसे बसून आली. फुलांचे मात्र भाचीच्या मनासारखे झाले नाही. तिला सुरंगीचा वळेसर हवा होता, आणि सुरंगी मेपर्यंत थांबत नाही. अबोली आणि मोगऱ्यावर भागवले. तांदळाच्या अक्षता कोणी आणल्याच नाहीत, फुलांच्या पाकळ्या उधळल्या.

हळदीवरून तेवढा वाद झाला. तरुण पोरांना डीजे हवा, आणि डीजेच्या मागून बाटली येते हे सगळ्यांना माहीत असते. रविवारी सकाळी पाचवे शील म्हणायचे आणि शनिवारी रात्री ते मोडायचे, हे मला पटत नाही, पटणारही नाही. शेवटी वाडीतील गायन पार्टीने रात्री अकरापर्यंत भीमगीते म्हटली. दोन पोरे रुसून रस्त्यावर जाऊन बसली. बसू द्यावीत.

बौद्धाचार्यांनी विधी तासाभरात आटोपला. दोघांनी पाच पाच प्रतिज्ञा घेतल्या. नवऱ्याने पत्नीचा मान राखीन, तिचा अपमान करणार नाही, घराचा कारभार तिच्या हाती देईन असे सर्वांसमोर म्हटले, तेव्हा काकीने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहून घेतले.

एक काम पुष्कळ घरांत राहून जाते, नोंदणीचे. १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांच्या आत ती करायची असते आणि तीन साक्षीदार लागतात. मुंबईची मंडळी रविवारी रात्रीच्या गाडीने निघून जातात, मग सह्यांसाठी महिनोन्महिने हेलपाटे. म्हणून आम्ही साक्षीदार वाडीतलेच धरले होते. वयाचे आणि पत्त्याचे दाखले आदल्या आठवड्यातच एका पिशवीत घालून ठेवले होते. सोमवारी सकाळी दहाला दोघे नवी माणसे, तीन साक्षीदार आणि मी ग्रामपंचायतीच्या दारात उभे होतो. काकी तिसरी साक्षीदार. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही तिने सावकाश, पूर्ण नावाने केली.